सायकलीला नवे काही जोडण्याआधी

धारवाल्याची सायकल नीट पाहिली तर चमत्कारिकच दिसते. मागचे चाक दणकट स्टँडवर जमिनीपासून उचललेले असते. त्या चाकाला जोडलेल्या पुलीवरून एक पट्टा पुढे हँडलपर्यंत गेलेला असतो आणि तिथे एक छोटासा गोल सहाणेचा दगड बसवलेला असतो. धारवाला सीटवर बसून पायडल मारू लागला की चाक जागच्या जागी फिरते, दगड त्याच्या कितीतरी पट वेगाने फिरतो आणि विळीच्या पात्यावरून ठिणग्या उडतात. काम झाले की पट्टा सैल करून तो त्याच सायकलीने पुढच्या गल्लीत जातो. आता बाजारात मिळणाऱ्या वस्तू पाहा: हवा न लागणारे टायर, हँडलवर छत्री धरणारा चिमटा, स्पोकमध्ये चित्रे उमटवणारे दिवे, चालता चालता फोन चार्ज करणारी यंत्रे, अंडाकृती चेनव्हील. दिसायला यातले बरेच काही धारवाल्याच्या दगडाहून सुबक असते, तरी यातल्या पुष्कळ वस्तू चार आठवड्यांत माळ्यावर जातात आणि दगड मात्र वर्षानुवर्षे फिरत राहतो. हा फरक दिसण्याचा नाही. सायकलीला जोडलेल्या वस्तूची परीक्षा ती किती विचित्र आहे यावर करू नये. तिचा भार कोण उचलतो, किती उचलतो आणि त्या बदल्यात रोज काय मिळते यावर करावी. नवे काही विकत घेणाऱ्याने आणि स्वतःच्या हाताने काही बनवू पाहणाऱ्यानेही हा हिशेब आधी मांडावा.

शंभर वॅटांचा संसार

इतर वाहनांत चालक आणि इंजिन वेगळे असतात. सायकलीत ते एकच असतात. शर्यतीचा सराव नसलेला निरोगी माणूस तासभर पायडल मारताना साधारण ७५ ते १०० वॅट शक्ती देऊ शकतो. घरातला मिक्सर ५०० वॅट घेतो, हे लक्षात घेतले म्हणजे ही पुंजी किती तुटपुंजी आहे ते कळते. समजा, माणूस ७५ किलोचा आणि सायकल २० किलोची आहे. शंभर मीटरमागे चार मीटर उंची असलेल्या चढावर ताशी ९ किलोमीटर वेगाने जायचे, तर नुसती उंची गाठायलाच सुमारे ९३ वॅट लागतात. म्हणजे सगळी पुंजी तिथेच संपली. त्यात पाच किलोचे सामान वाढले की आणखी पाच वॅट हवेत, आणि ते द्यायला इंजिनाजवळ शिल्लक नाही, म्हणून वेग कमी होतो किंवा उतरून ढकलावे लागते. सपाट रस्त्यावर वजन तितके जाचत नाही, पण तिथे हवा आडवी येते. स्थिर हवेत वेग दुप्पट केला तर हवेला कापायला लागणारी शक्ती आठपट होते. म्हणून हवेसमोरचा आकार मोठा करणारी प्रत्येक वस्तू, मग ती वजनाला कितीही हलकी असो, पायांकडून कर वसूल करते.

शक्तीखेरीज दुसरी पुंजी तोलाची. सायकल ज्या बाजूला कलते त्या बाजूला हँडल किंचित वळवून आपण तिला सावरतो, आणि हे दर क्षणी, नकळत चाललेले असते. हँडलला बांधलेले जड सामान या सावरण्याच्या आड येते. तेच सामान मागच्या कॅरिअरवर, शक्य तितके खाली आणि दोन्ही बाजूंना सारखे वाटून ठेवले तर चाल सुधारते. दूधवाले कॅन कॅरिअरच्या दोन्ही अंगांना खाली लटकवतात, ते याच कारणाने. तिसरी पुंजी दुरुस्तीची. साधी सायकल कोपऱ्यावरच्या दुकानात एक पाना, थोडे ग्रीस आणि मूठभर छर्रे यांवर उभी राहते. चाकाचा आउट काढणारा माणूस जवळपास प्रत्येक गावात सापडतो. ज्या वस्तूचा सुटा भाग त्या दुकानात मिळत नाही, ती बिघडली की सायकल घरी उभी राहते. शक्ती, तोल आणि दुरुस्ती या तिन्ही खात्यांतून प्रत्येक जोडवस्तू काही ना काही उचलते. तिने परत काय दिले, एवढेच पाहायचे.

विचित्र ठरलेले आणि टिकलेले

यावर पहिला आक्षेप येतो तो इतिहासाचा. नव्या वस्तूला लोक आधी हसतातच. आजचे विचित्र उद्याचे नेहमीचे होते. मग आधीच हिशेब मागून कल्पकता का मारायची? आक्षेप वजनदार आहे, कारण खुद्द सायकलच एक विचित्र वस्तू म्हणून जन्मली. १८१७ च्या जूनमध्ये जर्मनीतल्या मानहाइम शहरातून कार्ल फॉन ड्राइस हे गृहस्थ लाकडाच्या दोन चाकांवर बसून, पायांनी जमीन मागे ढकलत निघाले. पायडल नाही, चेन नाही, एकामागे एक दोन चाके आणि मधे बसायला गादी. पण त्या पहिल्या फेरीत जाऊन-येऊन सुमारे १४ किलोमीटरचे अंतर त्यांनी तासाभराच्या आत कापले. रूप हास्यास्पद असले तरी हिशेब चोख होता: शरीराचे वजन चाकांनी उचलले आणि पायांना फक्त पुढे ढकलण्याचे काम उरले.

१८७० च्या दशकातली उंच चाकाची सायकलही आज सर्कशीतली वाटते. तिच्यात पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेले असे, त्यामुळे पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एकच फेरा. अधिक अंतर तोडायचे तर चाक मोठे करण्यावाचून गत्यंतर नव्हते. दीड मीटर व्यासाचे चाक एका फेऱ्यात सुमारे ४.७ मीटर पुढे जाते. म्हणजे ती उंची हौसेची नव्हती, गणिताची होती, आणि तिची किंमत स्वार मोजत असे: चाकापुढे दगड आला की स्वार हँडलवरून पुढे फेकला जाई. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी रोव्हर सायकल बाजारात आणली. तिच्यात चेनने मागचे चाक फिरत होते. पुढे ४४ दाते आणि मागे १८ दाते असतील, तर आजच्या साध्या अठ्ठावीस इंची चाकाची सायकल पायडलच्या एका फेऱ्यात सुमारे ५.५ मीटर जाते. उंच चाकाने दिलेला लाभ आता पाय जमिनीला टेकतील अशा उंचीवर मिळू लागला, आणि काही वर्षांत उंच चाक मागे पडले. ज्या कारणाने एखादी रचना विचित्र झाली ते कारण संपले की ती रचना नुसते ओझे होते.

हवेच्या टायरची कथा तर या आक्षेपाला सरळ उत्तर देते. बेलफास्टमधले पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी रबराच्या नळीत हवा भरून पाहिली. त्यांनी तीनचाकीचे जुने चाक आणि हवा भरलेले चाक अंगणात एकामागोमाग घरंगळत सोडले. जुने चाक थोडे जाऊन पडले. हवेचे चाक अंगण ओलांडून पलीकडच्या फाटकाला आपटले. १८८८ मध्ये त्यांनी पेटंट घेतले. जाडजूड टायरांना लोक हसले, पण १८८९ मध्ये विली ह्यूम या स्वाराने त्यांवर बेलफास्टच्या शर्यती जिंकल्या आणि हसू थांबले. कारण साधे आहे. कडक चाक खड्यावर चढते तेव्हा सायकल आणि स्वार दोघांनाही उचलावे लागते. हवेचा टायर खड्याभोवती दबतो आणि दबताना घेतलेली बरीचशी ऊर्जा परत देतो. म्हणजे उपहास झालेल्या सगळ्याच कल्पना पुढे थोर ठरल्या असे नाही. ज्या थोर ठरल्या त्यांचा भार पहिल्याच दिवशी, अंगणात किंवा मैदानात, मोजून कमी झालेला दिसला होता. हिशेब मागणे हा कल्पकतेचा अपमान नाही. डनलॉप यांनी तोच हिशेब स्वतःच्या अंगणात मांडला होता.

एक दुखणे बरे, दोन नवी

फसलेल्या रचनांकडेही आदराने पाहावे, कारण त्यांमागे बहुधा खरे दुखणे असते. १९८२ मध्ये स्वीडनमध्ये इटेरा नावाची प्लास्टिकची सायकल उत्पादनात आली. हेतू चांगला होता: गंजणार नाही अशी सायकल. समुद्राकाठी राहणाऱ्या कोणालाही तो हेतू पटेल. पण प्लास्टिकचा सांगाडा जोर लावला की लवत असे, आणि पायांची जी शक्ती चाकापर्यंत पोहोचायची ती वाटेत सांगाडा वाकवण्यात जाई. १९८५ पर्यंत उत्पादन थांबले. गंजाचे दुखणे गेले, पण शक्तीचे खाते रिकामे झाले. गंजावर रंग, तेल आणि कोरड्या फडक्याने पुसणे हा जुना उपाय कंटाळवाणा असला तरी तो पायांकडून काही मागत नाही.

त्याच १९८५ च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी सी-५ ही बॅटरी आणि पायडल दोन्हींवर चालणारी तीनचाकी आणली. किंमत ३९९ पौंड. तिचा वेग परवान्याच्या मर्यादेखाली राखलेला होता. पण स्वार जमिनीलगत, जवळजवळ पाय पसरून बसे, त्यामुळे मोठ्या गाड्यांच्या चालकांना तो दिसेल की नाही याची धास्ती होती; चढावर मोटर अपुरी पडली की गिअर नसलेले पायडल मारत जड गाडी ओढावी लागे; आणि सीट पुढेमागे होत नसल्याने उंच व बुटक्या माणसांना तीच अडचण सोसावी लागे. सुमारे १४,००० गाड्या तयार झाल्या आणि वर्ष संपायच्या आत उत्पादन बंद पडले. इथे शक्तीची उणीव बॅटरीने भरायची होती, पण बैठक, नजर आणि चढ यांचा विचार स्वाराच्या जागी बसून झाला नव्हता.

आजच्या बाजारातल्या वस्तूंना हीच पट्टी लावून पाहू. हवा न लागणारे टायर पंक्चरचे दुखणे खरोखर संपवतात. पण ते डनलॉप यांनी दूर केलेला हादरा परत आणतात. तो स्पोकना, रिमला आणि बसणाऱ्याच्या पाठीला पोहोचतो, आणि चाक जड फिरते. रोज पाच-सात किलोमीटर खडबडीत रस्त्यावर जाणाऱ्याने ही किंमत रोज मोजायची, ती महिन्या-दोन महिन्यांनी होणारे एक पंक्चर टाळण्यासाठी. शिवाय बरीच पंक्चरे हवा कमी राहिल्याने, ट्यूब रिमखाली चेमटल्याने होतात. टायरच्या कडेवर हवेचा दाब छापलेला असतो. आठवड्याला एकदा तेवढी हवा भरली तर बरेच दुखणे तिथेच कमी होते. राहिलेल्यासाठी जाड आवरणाचा टायर आणि सोल्यूशनची ट्यूब पुरते. हँडलवर छत्री धरणारा चिमटा जपानमध्ये ओसाकाच्या परिसरात नेहमी दिसतो. पण मोकळ्या रस्त्यावर आडवा वारा आला की उघडी छत्री शिडासारखी वागते आणि ओढ थेट हँडलवर येते. घाटमाथ्यावर किंवा कोकणातल्या पावसात ती धोक्याचीच. अंगाला चिकटून बसणारा रेनकोट आणि पुढच्या मडगार्डला खाली लावलेला रबराचा पडदा, एवढ्यावर माणूस बराचसा कोरडा राहतो. अंडाकृती चेनव्हीलचे प्रकरण थोडे वेगळे आहे. शिमानो कंपनीने १९८३ मध्ये बायोपेस नावाने असे चेनव्हील आणले आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते बाजारातून गेले. पुढे वेगळ्या आकाराच्या अंडाकृती चेनव्हीलवर ब्रॅडली विगिन्स यांनी २०१२ ची टूर द फ्रान्स जिंकली. म्हणजे कल्पना निव्वळ फोल नाही. पण साध्या, बिनगिअरच्या सायकलीवर अशा चाकाने चेन एका फेऱ्यात कधी ताणते, कधी सैल पडते, आणि मिळणारा लाभ, मिळालाच तर, शर्यतीत मोजता येईल इतकाच असतो. कामावर जाणाऱ्याला तो जाणवणारही नाही.

डायनॅमोचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. बाटलीच्या आकाराचा हा डायनॅमो चिमट्याने सांगाड्याला लावलेला असतो. खटका दाबला की स्प्रिंग त्याची खाचेदार गिरकी टायरच्या बाजूवर टेकवते आणि घरघर सुरू होते. त्यातून सहा व्होल्टवर तीन वॅट मिळतात, पण टायरवर घासण्यात आणि आतल्या अडथळ्यात जास्तीची शक्ती जाते, म्हणून दिवा लावला की पायांना लगेच कळते. पावसात गिरकी घसरते, सायकल थांबली की दिवाही जातो. तरीही पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी तो वापरला, कारण अंधारात दिसणे आणि दिसून येणे याची किंमत पायांनी मोजलेल्या त्या शक्तीहून मोठी होती, आणि दुसरा स्वस्त पर्याय नव्हता. पुढे एलईडी दिवे आले, एका वॅटच्या आत लख्ख उजेड देऊ लागले, छोट्या बॅटरीवर चालू लागले, आणि घासणाऱ्या डायनॅमोचा हिशेब बदलला. त्याच डायनॅमोवर फोन चार्ज करायची कल्पना कागदावर आकर्षक आहे, पण फोन घरी फुकटासारख्या विजेवर चार्ज होतो. तीच वीज चढावर पायांनी निर्माण करण्यात शहाणपण नाही. मात्र चार-चार दिवस गावोगाव फिरणाऱ्या स्वाराने चांगला हब डायनॅमो बसवला, तर त्याच्या वाटेवर तो योग्यच ठरेल.

हिशेब कोणाच्या वाटेवर?

इथे दुसरा आक्षेप येतो: एका वाटेवर निरुपयोगी ते दुसऱ्या वाटेवर उपयोगी असू शकते, मग सर्वांना एक पट्टी कशी? पट्टी एकच असते, पण मोजायची जागा आपापली. २०१६ मध्ये शांघायमध्ये सुरू झालेल्या मोबाइकच्या भाड्याच्या पहिल्या सायकलींना चेन नव्हती, त्याऐवजी दांड्याची फिरकी होती, टायर भरीव होते आणि वजन सुमारे २५ किलो होते. घरच्या सायकलीला हे सगळे जड पडेल. पण रस्त्यावर बेवारस उभ्या राहणाऱ्या हजारो सायकलींची पंक्चरे काढणे आणि उतरलेल्या चेन बसवणे हा कंपनीचा भार होता. तो वाचवण्यासाठी स्वाराच्या पायांवर थोडा भार टाकला गेला. भाड्याने वीस मिनिटे चालवणाऱ्याला तो सोसतो, रोजच्या मालकाला नाही. म्हणूनच भाड्याच्या सायकलीवरचे पाहून घरच्या सायकलीला भरीव टायर घेऊ नयेत.

याहून ठळक उदाहरण बिहारमधल्या मोतिहारीच्या मोहम्मद सैदुल्लाह यांचे. १९७५ च्या पुरात त्यांनी पाण्यावर चालणारी सायकल बनवली: चाकांच्या बाजूंना हवेच्या पोकळ पेट्या आणि मागच्या चाकाच्या स्पोकना पाणी कापणारी पाती. जमिनीवर पेट्या वर दुमडता येतात. २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने त्यांचा गौरव केला. ज्याच्या वाटेवर पूर नाही त्याला त्या पेट्यांचे काही काम नाही. पण ज्याच्या घरापासून रस्त्यापर्यंत पाणी भरते आणि नावेला पैसे मोजावे लागतात, त्याच्या दृष्टीने त्याहून व्यवहारी सायकल नाही. आपल्याकडे जळगाव जिल्ह्यातल्या शेंदुर्णीच्या गोपाळ मल्हारी भिसे यांनी सायकलीचे चाक, सांगाडा आणि हँडल घेऊन सायकल कोळपे बनवले. सायकल म्हणून ते अर्धवट दिसते, त्यावर बसताही येत नाही. पण बैलजोडी परवडत नाही अशा शेतकऱ्याला ओळींमधले तण काढायला एका माणसाचे बळ पुरते. भार बैलांवरून चाकाच्या गोलाईवर गेला. हा हिशेब पहिल्या सरीतच पटतो.

तिसरा आक्षेप आनंदाचा. सगळे उपयोगाचेच कशाला? आऱ्यांत चित्रे उमटवणारे दिवे लावून मूल खूश होत असेल तर काय बिघडले? काहीच नाही. जपानचे केंजी कावाकामी यांनी चिंदोगू नावाने अशा वस्तूंची परंपराच उभी केली: वस्तू प्रत्यक्ष बनवलेली हवी, कामाची असावी, आणि तरीही रोजच्या वापराला अडचणीची असावी, शिवाय ती विकायची नाही. या अटींमागे मोठा प्रामाणिकपणा आहे. खेळणे खेळणे म्हणून बनवले आणि खेळणे म्हणूनच ठेवले, तर त्यातून पोरे यंत्र शिकतात. गफलत तेव्हा होते, जेव्हा खेळणे सोय म्हणून विकत घेतले जाते आणि ब्रेक, दिवा किंवा टायर यांच्या जागी बसते. चौथा आक्षेप बॅटरीचा: मोटर असताना वॅट कशाला मोजायचे? २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या ई-सायकलला आपल्याकडे नोंदणी लागत नाही, आणि चढाच्या गावात किंवा गुडघे दुखणाऱ्यांना ती मोठा आधार आहे. पण मोटरने फक्त शक्तीचे खाते भरते. वाढलेले वजन थांबवायला ब्रेक तितकेच चांगले हवेत, तोल तोच राहतो, आणि दुरुस्तीचे खाते उलट महाग होते. साध्या सायकलीला सुटी मोटर जोडताना ब्रेकचे रबर, स्पोक आणि पुढचे चाक धरणारा चिमटा आधी तपासावा, मोटर नंतर जोडावी.

विकत घेण्याआधीची तालीम

खरेदीआधी आपले दुखणे एका वाक्यात लिहावे, वस्तूचे नाव न घेता. "पावसात पाठीवर चिखल उडतो" हे दुखणे झाले. "मला छत लावलेली सायकल हवी" हे दुखणे नव्हे. पहिल्या वाक्याचे उत्तर लांब मडगार्ड हे असते आणि ते कोपऱ्यावर मिळते. मग वस्तूचे वजन विचारावे, आणि तेवढ्या वजनाची वाळूची किंवा धान्याची पिशवी, ती वस्तू जिथे बसणार तिथेच बांधून, आपल्या नेहमीच्या वाटेवरचा सगळ्यात वाईट चढ चढून पाहावा आणि उतारावर ब्रेक लावून पाहावा. वस्तू हँडलला बसणार असेल तर वळणावर हात सैल ठेवून हँडल कुठे ओढते ते पाहावे. नंतर आपल्या सायकलवाल्याला ती दाखवून विचारावे: ही बिघडली तर तुम्ही उघडाल का, आणि हिचा नट-बोल्ट तुमच्याकडे मिळेल का? उत्तर नाही असे आले तर सायकल किती दिवस उभी राहिली तरी चालेल, हे आपणच ठरवावे. शेवटी, ती वस्तू नसताना काम किती वेळा अडले ते गेल्या महिन्याच्या दिवसांवर मोजावे. घंटी, पुढचा-मागचा दिवा, रिफ्लेक्टर, मडगार्ड, कॅरिअर, चेनकव्हर आणि बरे कुलूप या परीक्षेत बहुतेकांच्या वाटेवर पास होतात.

स्वतः काही बनवणाऱ्यानेही हेच करावे, फक्त क्रम उलटा ठेवावा: आधी सुतळी-लाकडाचे कच्चे रूप, मग मोजणी, मग वेल्डिंग. सांगाड्याला भोक पाडू नये, नळी तिथेच तुटते. पट्टी किंवा चिमट्याने बांधावे, म्हणजे चूक निघाली तर काढता येते. आणि घेतलेली किंवा बनवलेली वस्तू सहा महिने वापरली की एक आठवडा ती सायकलीवरून उतरवून ठेवावी. त्या आठवड्यात तिची उणीव भासली तर ती परत बसवावी. भासली नाही, तर पायांना इतके दिवस कशाचे ओझे होते ते आता कळले.